मानाच्या पानावर कोण

एकदा एक तरुण शिक्षक स्वतःच्या विद्येवर फार प्रसन्न होता. विद्येवर प्रसन्न असण्यात गैर काही नाही. ती अंगी मुरण्याआधीच डोक्यात चढली की मात्र पंचाईत होते. त्याचं नाव निरंजन. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध गुरुजी आपल्या घराच्या पडवीत संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग चालवीत असत. शिकायला येणारी सगळी जाणती माणसं. कुणी टपाल कचेरीतलं, कुणी सरकारी दवाखान्यातलं, कुणी सूतगिरणीतलं. दिवसा नोकरी करायची आणि संध्याकाळी खात्याच्या परीक्षेसाठी इंग्रजीशी झुंजायचं, असा त्यांचा क्रम. निरंजन याच पडवीत शिकला, पदवी घेऊन हायस्कुलात लागला, आणि गुरुजींच्या गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून त्यांच्या वतीने वर्गही तोच घेऊ लागला.

वर्षारंभी या वर्गाची पंगत होत असे. यंदाच्या पंगतीला वर्ग कायमचा कुणाच्या हाती द्यायचा ते सांगेन, असं गुरुजी म्हणाले होते. यात सांगण्यासारखं काय आहे, असं निरंजनला वाटे. पण वर्ग त्याला हवा होता, अगदी मनापासून हवा होता. हायस्कुलातली मुलं तास कधी संपतो याची वाट पाहत. इथली माणसं तास संपला तरी उठायला तयार नसत. असे विद्यार्थी नशिबानेच लाभतात, एवढं त्याला नक्की कळत होतं.

आता त्या वर्गाची एक दुखरी जागा सांगितली पाहिजे. इंग्रजीत मोठ्या वाक्याच्या पोटात एखादं छोटं वाक्य बसलेलं असतं. ते कधी एखाद्या नामाची ओळख सांगतं, तेव्हा त्याला विशेषणवाक्य म्हणायचं. कधी ते स्वतःच नामाच्या जागी बसतं, तेव्हा ते नामवाक्य. कोणतं कुठलं ते ओळखा, असा प्रश्न परीक्षेत दरसाल येई आणि दरसाल अर्धा वर्ग त्यात आपटे. निरंजनने यावर रामबाण उपाय शोधला. पेंटरकडून त्याने पत्र्याचा एक तक्ता रंगवून घेतला आणि पडवीत टांगला. 'हू, विच, दॅट दिसलं की विशेषणवाक्य. व्हॉट, इफ, व्हेदर दिसलं की नामवाक्य.' वरची ओळ हिरवी, खालची तांबडी. गुरुजींनी चष्मा पुसून तक्ता वाचला, अक्षर छान आहे म्हणाले आणि झोपाळ्यावर जाऊन बसले.

तक्ता लागल्यावर थोड्याच दिवसांत तारामती घोलप उभी राहिली. दवाखान्यात नर्स असलेली ही मुलगी वर्गात मोजकंच बोलत असे. निरंजनने फळ्यावर लिहिलं होतं, 'आय नो हू रँग द बेल', म्हणजे घंटा कुणी वाजवली ते मला ठाऊक आहे. तक्त्याप्रमाणे 'हू रँग द बेल' हे विशेषणवाक्य. तारामती म्हणाली, "सर, विशेषण म्हणजे ते कुणाला तरी लागायला हवं ना? इथं 'हू'च्या आधी माणूसच नाही. मग हे लागलंय कुणाला?"

प्रश्न बिनतोड होता आणि निरंजनजवळ त्याचं उत्तर नव्हतं. अशा वेळी शिक्षकाने गप्प बसावं किंवा विचार करून सांगतो म्हणावं. त्याने तिसरीच वाट धरली. "सिस्टर, तक्त्यावर काय लिहिलंय ते वाचता येतं ना? मग शंका घरी ठेवून येत जा," असं तो बोलून गेला. वर्ग हसला. तारामती खाली बसली आणि दुसऱ्या दिवसापासून यायची बंद झाली. तिची बढतीची परीक्षा तोंडावर आली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. ड्यूटी बदलली असेल, असं निरंजनने स्वतःला सांगून पाहिलं. पण फळ्याकडे वळला की ते वाक्य त्याला आठवे आणि खडू हातातच राही.

गुरुजींनी हे सगळं झोपाळ्यावरून ऐकलं होतं. ते रागावले नाहीत की त्यांनी काही समजावूनही सांगितलं नाही. पंगत जवळ आली तेव्हा त्यांनी निरंजनला बोलावून इतकंच सांगितलं, की यंदा पानं मांडायची आणि माणसं बसवायची जबाबदारी तुझी. पटावर नाव असलेल्या प्रत्येकाचं पान मांडायचं, आलेला असो की नसो. निरंजनला यात गौरवच दिसला.

या पंगतीची एक रीत होती. दरवर्षी गुरुजी वर्गाच्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याला मानकरी म्हणून बोलावत. त्याचं पान ओळीच्या सुरुवातीला, भोवती रांगोळी, शेजारी समई. सगळं वाढून झालं, भातावर तूप पडलं, की मानकऱ्याने स्वतः जुळवलेलं एक इंग्रजी वाक्य बोलायचं. ते ऐकल्यावरच पहिला घास. त्याआधी कुणी भाताचं शीतसुद्धा तोंडात टाकायचं नाही. आधी पोटोबा मग विठोबा असं सारं जग म्हणतं, पण या पडवीत पोटोबालाही व्याकरणासाठी थांबावं लागे. मानकरी कोण हे गुरुजी आधी सांगत नसत. यंदाही ते एवढंच म्हणाले, की शेलार येणार आहेत, साताऱ्याहून, अकराच्या सुमारास.

अकराला दाराशी गाडी थांबली. आधी उतरले ते गृहस्थ सहा फुटी, छाती पुढे काढलेले, पांढऱ्याशुभ्र मिशांना पीळ भरलेला, डोक्याला फेटा. त्यांच्या मागून खांद्याला कापडी पिशवी लावलेल्या एक किरकोळ बांध्याच्या बाई उतरल्या. निरंजन लगबगीने पुढे झाला. "यावं शेलारसाहेब," असं म्हणत त्याने गृहस्थांना हात धरून समईपाशी आणलं आणि मानाच्या पाटावर बसवलं. गृहस्थ काही सांगू पाहत होते. निरंजनने ते विनय समजून त्यांना बोलूच दिलं नाही. बाईंना तो आदराने म्हणाला, "तुम्ही साहेबांबरोबर आलात ना? तुमची सोय त्या टोकाला केली आहे, वारा येतो तिथं." बाईंनी एकदा झोपाळ्याकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि निमूटपणे टोकाच्या पाटावर जाऊन बसल्या. ओळीतले जुने विद्यार्थी एकमेकांकडे बघून गालात हसले. आपली व्यवस्था त्यांना पसंत पडलेली दिसते, असं निरंजनला वाटलं.

वाढप सुरू झालं. मीठ, लिंबू, चटणी, भरली वांगी, मग भाताच्या मुदी आणि त्यावर वरण. शेलार पाटावर ताठ बसले होते, पण कपाळावर घाम जमला होता आणि मिशीचं एक टोक त्यांनी पिळून पिळून बारीक केलं होतं. तेवढ्यात गुरुजी काठी टेकत पुढे आले.

"बाबूराव," ते म्हणाले, "आमच्या विहिरीचा रहाट फार कुरकुरतो हो. जरा येऊन बघता का?"

मानकऱ्याला भरल्या पानावरून उठवून रहाट बघायला नेणं हा काय प्रकार, निरंजनला कळेना. शेलार मात्र सुटका झाल्यासारखे उठले आणि चालू लागले. निरंजन वाढप्यांना म्हणाला, थांबा, तूप वाढू नका, मानकरी उठले आहेत. वाढप्यांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि तूप वाढणं चालू ठेवलं. ओळीत कुणी मान वर केली नाही. कुणी पानाभोवती पाणी फिरवत होतं, कुणी आणखी एक लिंबाची फोड मागत होतं. एक जुने पोस्टमास्तर तर वांगं किती नामी झालंय याचा नुसत्या वासावरून निर्णय देत होते. मानाचा पाट रिकामा पडला होता आणि त्याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं.

गुरुजी परत आले, ते थेट ओळीच्या दुसऱ्या टोकाला गेले.

"पार्वती, तूही ये ग जरा बाहेर."

बाई उठल्या मात्र, पंगत जागच्या जागी थबकली. लिंबू पिळणारा हात तसाच राहिला. पोस्टमास्तर बोलायचे थांबले. महादू आचारी पळी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आला आणि विचारू लागला, "बाई कुठं निघाल्या? वाक्य झालं का? मी जिलब्या काढू की नको काढू?" सगळे बाई गेल्या त्या दाराकडे पाहत राहिले, आणि त्यांच्याबरोबर निरंजनही पाहत राहिला. आपण काय केलं आहे ते त्याला तेव्हा उमगलं. दोन्ही हातांत पाण्याचं तांब्याभांडं तसंच धरून तो मागच्या दारी धावला.

विहिरीपाशी गुरुजी कट्ट्यावर टेकले होते. बाबूराव खरोखरच रहाट तपासत होते. पार्वतीबाई लिंबाच्या झाडाखाली उभ्या होत्या आणि हसू दाबण्याचा त्यांचा प्रयत्न फारसा साधत नव्हता. निरंजनने बाईंची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "मास्तर, मला सवय आहे हो. मी जिल्ह्याच्या इस्पितळाची मेट्रन होते, तरी नवे डॉक्टर ह्यांनाच आधी सलाम करायचे. हे पोलीस बँडात होते. आयुष्यभर ढोल वाजवला, पण मिशी बघून लोकांना फौजदार वाटतात." रहाटापाशी बाबूराव दिलखुलास हसले. पाटावर बसल्यापासून आपल्याला इंग्रजी वाक्याची धास्ती लागून राहिली होती, असं त्यांनी मोकळेपणाने सांगून टाकलं.

"गुरुजी, मी माणसं ओळखायला चुकलो," निरंजन म्हणाला.

गुरुजींनी मान हलवली. "माणसं ओळखायला नाही चुकलास. तू ओळखायला गेलाच नाहीस. फेटा पाहिलास, पिशवी पाहिलीस आणि ठरवून मोकळा झालास. तुझा तक्ताही तेच करतो. छोट्या वाक्याच्या डोक्यावर 'हू' दिसलं की त्याला विशेषणाच्या ओळीत बसवतो. अरे, डोक्यावर काय आहे ते कशाला बघायचं? ते कुठं बसलंय ते बघ, आणि कळेना तर उठवून बघ. 'द मॅन हू रँग द बेल इज ओल्ड.' ज्या माणसाने घंटा वाजवली तो म्हातारा आहे. आता यातलं 'हू रँग द बेल' उठव. माणूस म्हातारा आहे, एवढं उरलं. पंगत चालू राहिली. ते त्या माणसाबरोबर आलं होतं, त्याची ओळख सांगायला. आता तुझं फळ्यावरचं वाक्य घे. 'आय नो हू रँग द बेल.' तेच शब्द, तेच 'हू'. उठव पाहू."

निरंजनने मनातल्या मनात उठवलं. 'आय नो' एवढंच उरलं. मला ठाऊक आहे. काय ठाऊक आहे? सगळी ओळ भरल्या पानावर हात आवरून दाराकडे पाहत बसलेली त्याला दिसली.

"पान त्याचं स्वतःचं होतं," तो हळूच म्हणाला. "ते कुणाबरोबर आलेलं नव्हतं. कर्माच्या पाटावर तेच बसलं होतं. ते नामवाक्य."

"आणि हे कळायला तुला इंग्रजीसुद्धा लागत नाही," गुरुजी म्हणाले. "ज्याने वाजवली तो, आणि कुणी वाजवली ते. 'जो' वेगळा, 'कोण' वेगळा. आपल्या आयांनी आपल्याला दोघांचे चेहरे वेगळे करून दिले. इंग्रजी दोघांना एकच टोपी घालते, म्हणून आपली माणसं टोपीपाशी फसतात. या उठवून बघण्याला दाद न देणारी वाक्यंही पुढं भेटतील तुला. तेव्हा आणखी विचार करशील. पण त्यासाठी आधी शंका घरी ठेवून यायचं सोडलं पाहिजे."

शेवटचं वाक्य गुरुजींनी अगदी सहज उच्चारलं, आणि निरंजनला ते बरोबर लागलं. तो पडवीत परत आला. मानाच्या पानापाशी त्याने स्वतः पार्वतीबाईंना बसवलं आणि त्यांच्या शेजारी, समईच्या उजेडात, बाबूरावांचं पान आणून ठेवलं. मग त्याची नजर ओळीवरून फिरली. मधोमध एक पान मांडलेलं होतं. मीठ वाढलं होतं, भाताची मूद होती, तूपही पडलं होतं. पाट रिकामा होता. पटावर नाव आहे म्हणून त्याने सकाळी स्वतःच मांडलेलं ते तारामतीचं पान. सकाळपासून तो दहादा त्यावरून गेला होता आणि त्याला ते दिसलं नव्हतं.

तो गुरुजींकडे वळला आणि म्हणाला की मला थोडा वेळ हवा आहे. गुरुजी म्हणाले, भात निवेल. त्यावर पार्वतीबाई म्हणाल्या, "निवू दे. वाक्य मी बोलायचंय ना? मला अजून सुचलेलं नाही."

दवाखान्यातल्या नर्सांच्या राहायच्या खोल्या पलीकडच्याच आळीत होत्या. निरंजन अनवाणीच गेला. तारामती दारात तांदूळ निवडत बसली होती. त्याला पाहून ती उठली आणि आज सुट्टी नाही, असं काहीतरी पुटपुटली. सुट्टी नसलेली बाई घरी तांदूळ निवडत का बसली आहे, हे निरंजनने विचारलं नाही. त्याने सांगायचं ते उभ्याउभ्याच सांगितलं.

"सिस्टर, तुमचं बरोबर होतं. ते कुणालाच लागलेलं नव्हतं. मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी तुम्हाला बोललो. तुमचं पान मांडलंय. सगळे थांबलेत."

तारामतीने सुपातला एक खडा वेचून टाकला. मग तिने विचारलं, "सगळे म्हणजे? वर्ग हसला होता त्या दिवशी."

"हो. तोच वर्ग. आज उपाशी बसलाय."

ती हसली नाही, पण सूप तिने आत नेऊन ठेवलं आणि पायात चपला घातल्या.

ती येऊन आपल्या पाटावर बसली. पोस्टमास्तरांनी पाण्याची लोटी तिच्याकडे सरकवली. पार्वतीबाईंनी सगळ्या ओळीकडे एकदा पाहिलं, घसा साफ केला आणि स्वच्छ, सावकाश शब्दांत त्या वर्षीचं वाक्य बोलून दाखवलं. "वुई वेअर वेटिंग फॉर द गर्ल हू आस्क्ड." जिने विचारलं, त्या मुलीची आम्ही वाट पाहत होतो.

निरंजनच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. शिक्षकाची खोड जात नाही, म्हणून त्याने ते लपवायला प्रश्न विचारला. "सिस्टर, 'हू आस्क्ड' हे कोणतं?"

"विशेषणवाक्य," तारामती म्हणाली. "ते 'गर्ल'ला लागलंय. उठवलं तरी वाक्य उभं राहतं." मग ती म्हणाली, "पण सर, उठवलं तर कोणत्या मुलीची वाट पाहत होते ते कळणार नाही."

"बघा," बाबूराव मिशीला पीळ देत म्हणाले, "बरोबर आलेल्या माणसाचीही गरज असते." आणि त्यांनी सर्वांत आधी भात कालवला.

पंगत उठली. विडे झाले. गुरुजींनी वर्गाविषयी अजून एक अक्षर काढलं नव्हतं आणि निरंजननेही विचारलं नव्हतं. त्याने खुर्चीवर चढून पत्र्याचा तक्ता खिळ्यावरून काढला आणि तोंड भिंतीकडे करून कोपऱ्यात टेकवला. खाली उतरला तेव्हा गुरुजी मागे उभे होते. त्यांच्या हातात खडूंची लाकडी पेटी होती. इतकी वर्षं ती रोज संध्याकाळी निरंजन त्यांच्याकडून मागून घेत असे आणि रात्री परत देत असे.

"ही आता परत आणून देऊ नकोस," गुरुजी म्हणाले, आणि झोपाळ्याकडे वळले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वर्ग भरला. निरंजनने फळ्यावर एक नवं वाक्य लिहिलं. ते लिहून होतंय तोच मागे बांगड्या किणकिणल्याचा आवाज झाला. तारामतीचा हात वर होता. निरंजनने खडू खाली ठेवला, पुढच्या बाकाच्या कडेला टेकला आणि म्हणाला, "विचारा."

वर्गात, घरात, कचेरीत रोज कुणी ना कुणी विचारायला उभं राहत असतं. त्याच्या डोक्यावर काय आहे ते नंतर बघू. त्याचं पान मांडलंय का, एवढं आधी पाहावं.